कानात शिरतो म्हणून बदनाम झालेला चिमटेवाला किडा: त्याला ओळखा, पण त्याच्या भीतीने घरात विष आणू नका

पावसाचे पहिले दोन-तीन आठवडे गेले की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. मोरीत, वुजूच्या नळाखाली, दारातल्या ओल्या पायपुसण्याखाली, कधी वाळत घातलेल्या कपड्यांच्या घडीत एक चपटा, तांबूस-काळा किडा निघतो. लांबी बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून कमी, आणि शेपटीकडे चिमटा. बोट जवळ नेलं तर शेपटीकडचा भाग विंचवासारखा वर उचलतो. मुलं ओरडतात, दादी सांगते "कानखजुरा आहे, रात्री कानात शिरेल," आणि दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी बाजारातून औषधाची पुडी घेऊन येतं.

आम्हाला काळजी वाटते ती त्या पुडीची. किड्याची फारशी नाही. म्हणून या लेखात हा किडा नेमका कोण, तो घरात का येतो आणि त्याला बाहेर कसं ठेवायचं हे सांगतोच, पण त्याच्यासाठी काय वापरू नये हेही जरा सविस्तर सांगणार आहोत.

नावाने केलेला घोळ

इंग्रजीत या किड्याला इअरविग म्हणतात. नावातच कान आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'कानातला किडा' असा होता. फ्रेंच लोक त्याला 'कान भोसकणारा' म्हणतात, जर्मन लोक 'कानातली अळी'. युरोपात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या जातीचं शास्त्रीय नावही फॉर्फिक्युला ऑरिक्युलॅरिया, म्हणजे तिथेही कान आहेच. एवढ्या भाषांनी एकाच किड्यावर एकच आरोप ठेवला, तर तो खरा असेल असं कोणालाही वाटेल.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. घरात उर्दू किंवा दखनी बोलणारी कुटुंबं 'कानखजुरा' म्हणतात ते खरं तर गोमेला. गोम म्हणजे लांब, असंख्य पायांची. चिमटेवाल्या किड्याला इतर किड्यांसारखे सहाच पाय असतात. दोघांचा नात्यागोत्याचा संबंध नाही. पण दोघेही ओलीत राहतात, दोघेही रात्री फिरतात, दोघेही दगड उचलला की सरसर पळतात, आणि दोघांच्या नावात किंवा बदनामीत कान आहे. त्यामुळे गोमेची भीती आपण या बिचाऱ्यालाही लावून टाकली.

खरी गोष्ट अशी. चिमटेवाला किडा अरुंद, ओलसर फटी शोधतो, हे बरोबर. पण जिवंत, झोपेत हलणाऱ्या माणसाचा कान शोधत तो फिरत नाही. कानात इअरविग गेल्याच्या घटना फारच विरळा आहेत. कानात किडा गेला म्हणून जे लोक डॉक्टरकडे येतात त्यांच्यात झुरळ हा नेहमीचा पाहुणा असतो, मग मुंग्या, छोटे पतंग, भुंगेरे. आणि 'कानातून मेंदूत जातो, तिथे अंडी घालतो' ही गोष्ट तर शरीराच्या रचनेतच बसत नाही. मोठ्या माणसाच्या बाहेरच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या टोकाला कानाचा पडदा असतो. तिथे रस्ता बंद होतो.

झोपण्याआधी बिछाना झटकून घ्यायची सुन्नत आपल्याकडे मुलांना लहानपणीच शिकवली जाते. पावसाळ्यात ती न चुकता पाळली आणि गादी भिंतीपासून वीतभर दूर ठेवली, तर किडा कुठलाही असो, रात्रीची बरीचशी धास्ती तिथेच संपते.

तरीही कधी कोणाच्या कानात जिवंत किडा गेलाच, तर काय करायचं? आधी काय करू नये ते लक्षात ठेवा. इअरबड, काडी, केसांची पिन, चिमटा यातलं काहीही आत घालू नका. किडा आणखी आत ढकलला जातो आणि पडद्याला इजा होऊ शकते. रॉकेल, डेटॉल, कांद्याचा रस, काही नको. माणसाला शांत बसवा, डोकं एका कुशीवर करा, दुखरा कान वर. कानाला पूर्वीपासून काही त्रास नसेल तर शरीराला कोमट लागेल असं साधं खायचं तेल काही थेंब सोडा. किडा गुदमरून मरतो आणि आतली ती भयंकर फडफड थांबते. म्हणजे तेलाच्या बाबतीत आपल्या नानी-दादी बरोबर होत्या, फक्त ते गरम नको. पण कान वाहत असेल, पडद्याला भोक आहे असं कधी डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर तेलही घालायचं नाही. थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं. तेलाने किडा मेला तरी तो काढून घ्यायला डॉक्टर हवेतच. अर्धा पाय आत राहिला तर कान सुजतो. लहान मुलांच्या बाबतीत घरी प्रयोग करत बसू नका.

सारखे दिसणारे चौघे

पावसाळ्यात मोरीत आणि अंगणात दिसणाऱ्या चार जिवांची आपण सरमिसळ करतो. यातला एक निरुपद्रवी आहे, एक चावतो, एक डाग पाडतो, आणि चौथ्याकडे आपलं लक्षच जात नाही, जेव्हा की जास्त त्रास तोच देतो.

चिमटेवाला किडा चपटा असतो, सहा पायांचा, मागे दोन फाट्यांचा चिमटा. बऱ्याच जातींत नराचा चिमटा वाकडा, कमानीसारखा आणि मादीचा जवळपास सरळ असतो. हातात धरला तर तो चिमटा काढतो. मोठ्या जातीचा असेल तर जाणवतो, क्वचित त्वचेवर ओरखडा उठतो. पण त्यात विष नाही, नांगी नाही. साबणाने हात धुतला की विषय संपला. काही जाती डिवचल्यावर घाण वासाचा द्रव सोडतात, तोही धुतला की जातो.

गोम चावते. तिच्या डोक्याखाली विषारी नखं असतात. मोठी गोम चावली तर आग होते, सूज येते, कधी काही तास ठणकतं. जागा साबण-पाण्याने धुवायची, थंड पाण्याची पट्टी ठेवायची, दुखणं राहिलं तर डॉक्टरकडे जायचं. धाप लागली, चेहरा सुजला, अंगावर गांध्या उठल्या तर मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

वाणी, काही ठिकाणी जिला पैसा म्हणतात, ती गोल नळीसारखी, हात लावला की जिलेबीसारखं वेटोळं करते. चावत नाही. तिच्या अंगातून येणाऱ्या द्रवाने त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि डोळ्यात गेला तर झोंबतं, एवढंच.

आता चौथा. मुंगीपेक्षा थोडा मोठा, लांबट, पाऊण ते एक सेंटीमीटरचा. अंगावर काळे आणि नारिंगी पट्टे, पाठीवर आखूड निळसर-हिरवे पंख. मागचा भाग उघडा आणि लवचिक, म्हणून घाईत पाहणाऱ्याला तो चिमटेवाल्या किड्याचं पिल्लूच वाटतो. पण चिमटा नसतो. हा पेडेरस नावाचा भुंगेरा. तो चावत नाही, डंख मारत नाही. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटकडे येतो, मानेवर किंवा दंडावर बसतो, आपण झोपेत फटकन मारतो, आणि तिथेच घोटाळा होतो. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य असतं. चिरडल्यावर लगेच काही कळत नाही. एक-दोन दिवसांनी तिथे लाल पट्टा उठतो, फोड येतात, भाजल्यासारखी आग होते. हात तसाच डोळ्याला लागला तर पापणी सुजून बंद होते. जुलै 2022 मध्ये सिक्कीममधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना याचाच त्रास झाला होता आणि 'नैरोबी फ्लाय' म्हणून बातम्या आल्या होत्या. त्याच जातकुळीचे भुंगेरे पावसाळ्यात आपल्या भातशेतीच्या भागातही दिसतात.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण तो लाल पट्टा पाहून घरात निदान होतं 'नागीण'. मग कोणी गेरू लावतं, कोणी उतारा करतं, कोणी दम करून आणायला धावतं, आणि जखम चिघळते. नागीण खरीच असेल तर तिच्यावरही वेळेत औषध सुरू करावं लागतं, म्हणजे दोन्ही बाबतींत त्वचेच्या डॉक्टरला दाखवणंच योग्य. पेडेरस अंगावर दिसला तर मारू नका. फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका, मग ती जागा साबणाने धुवा. चिरडलाच गेला तर लगेच धुवा, चादर-उशीची खोळही धुवायला टाका.

हा किडा जगतो कसा

जगात चिमटेवाल्या किड्यांच्या सुमारे 2,000 जाती आहेत. आपल्याकडे समुद्रकिनाऱ्याच्या आणि नदीकाठच्या वाळूत राहणारी फिकट रंगाची मोठी जात आहे, जी कधीकधी दिव्याकडे येते. कुंडीखाली नेहमी सापडते ती काळपट, बिनपंखांची, पायांवर गडद कडी असलेली छोटी जात. नारळ आणि केळीच्या पानांच्या बेचक्यात राहणारी एक काळी जातही आहे.

ज्यांना पंख असतात त्यांचे पंख हा एक चमत्कारच म्हणायचा. पाठीवरच्या दोन आखूड झाकणांखाली ते इतके बारीक दुमडलेले असतात की उघडल्यावर त्यांचं क्षेत्रफळ दहापटीहून जास्त होतं. 2018 साली झुरिचच्या ईटीएच आणि अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी या घडीचा अभ्यास केला, आपोआप दुमडणाऱ्या वस्तू बनवता याव्यात म्हणून. ज्या किड्यावर आपण चप्पल उगारतो त्याच्याकडून इंजिनिअर शिकताहेत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मादी. किड्यांच्या दुनियेत अंडी घालून निघून जायचीच रीत. ही जात नाही. जमिनीत किंवा दगडाखाली छोटं बीळ करून ती अंडी घालते, युरोपातल्या जातीत एका खेपेला साधारण तीस ते पन्नास, आणि त्यांच्यावर बसून राहते. एकेक अंडं तोंडाने चाटून साफ करते, नाहीतर ओलीत त्यांना बुरशी लागेल. अंडी विखुरली तर पुन्हा गोळा करते. कोणी जवळ आलं तर चिमटा उगारते. पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस त्यांना सांभाळते. पावसाळ्यात कुंडी सरकवल्यावर खाली एक किडा पळून न जाता तिथेच ठाण मांडून बसलेला दिसला आणि शेजारी मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यांचा ढीग असेल, तर ती आई आहे.

खातो काय? सडलेला पाला, मेलेले किडे, आणि जिवंत मावा, कोळी, अळ्यांची अंडी. कोवळी रोपं आणि फुलांच्या पाकळ्याही कुरतडतो, ते खोटं नाही. भुईमुगाच्या शेंगा पोखरणारी एक जात भारतात शेतकऱ्यांना माहीत आहे. उलट ब्राझीलमध्ये मक्यावरच्या लष्करी अळीची अंडी खाणारा म्हणून एका जातीला मित्र मानतात. म्हणजे सरसकट शत्रू नाही, सरसकट मित्रही नाही.

घरात येतो तो ओलीसाठी

घरात त्याच्या खाण्याचं फारसं काही नसतं. तो धान्याला लागत नाही, कपडे खात नाही, रोग पसरवत नाही, घरात सहसा वाढतही नाही. बाहेर पाणी साचलं, बीळ बुडालं की तो आत येतो. किंवा बाहेर कडक कोरडं झालं की मोरीच्या ओलाव्याला येतो. त्यामुळे घरात चिमटेवाले किडे वरचेवर दिसत असतील तर त्याचा सरळ अर्थ, कुठेतरी ओल आहे आणि कुठेतरी फट आहे. ती शोधणं हाच खरा उपाय. औषध मारून आजचे दहा मरतील, फट तशीच राहिली तर उद्या दुसरे दहा येतील.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांत जोत्याला बाहेरून लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, जुनी कौलं लावून ठेवायची सवय असते. ते पावसाआधी भिंतीपासून हातभर तरी लांब करा. भिंतीलगतची एक वीतभर पट्टी मोकळी ठेवून तिथे खडी टाकली तर आणखी चांगलं. कोरड्या खडीवरून यायला त्याला आवडत नाही. पागोळ्यांचं पाणी जोत्यात मुरत असेल तर पन्हळ दुरुस्त करून घ्या.

मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, मालेगावसारख्या दाट वस्तीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना अंगण नसतं, पण गटार असतं. तिथे मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी, पाइप भिंतीतून येतो त्या भोकाला सिमेंट, एवढ्याने मोठा फरक पडतो. ओलं पायपुसणं रात्री उचलून ठेवा. वुजूच्या जागेवरचा गळका नळ आज-उद्या करत महिनोन्महिने गळत राहतो, त्याचा वॉशर बदला. कूलरचा ट्रे, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या पाण्याची नळी बघा. रात्री दारातला पांढरा दिवा बंद ठेवा किंवा पिवळा लावा. पंखवाले किडे आणि तो पेडेरस, दोन्ही कमी येतील. फजरसाठी अंधारात उठणाऱ्यांनी पावसाळ्यात आधी दिवा लावावा आणि चपला झटकून घालाव्यात. हे चिमटेवाल्यासाठी नाही, गोम आणि विंचवासाठी.

आत आलेल्यांना झाडूने सुपलीत घेऊन बाहेर टाकलं तरी पुरे. जास्त असतील तर संध्याकाळी वर्तमानपत्राची ओलसर सुरळी मोरीच्या कोपऱ्यात किंवा कुंड्यांमध्ये ठेवा. रात्रभर फिरून ते पहाटे तिच्यात लपतात. सकाळी सुरळी साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटकायची. दुसरा सापळा तेलाचा: उथळ डबीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढं तेल, आणि डबी मातीत काठापर्यंत पुरायची. मासळी तळून उरलेलं तेल असेल तर उत्तम, वासाने ते येतात आणि बुडतात. मांजर आधी पोहोचणार नाही अशी जागा मात्र शोधावी लागेल.

ती पुडी

आता मूळ काळजीकडे येतो. आपल्याकडे किडा दिसला की शेतीच्या औषधांच्या दुकानातून काहीतरी 'पॉवरफुल' आणायची पद्धत आहे. दुकानदारही ओळखीचा असतो, कागदाच्या पुडीत बांधून देतो. वर नाव नाही, सूचना नाहीत.

जुन्या लोकांना गॅमेक्सिन पावडर आठवत असेल. घराभोवती पांढरी रेघ ओढायचे. ते बीएचसी होतं; भारतात त्यावर 1997 मध्ये बंदी आली. कुंडीत आणि परसात टाकायचे ते फोरेटचे दाणे, ज्यांना खेड्यात अजून 'थायमेट' म्हणतात, आणि घरात फवारायचं ते डायक्लोरव्हॉस किंवा 'नुवान', या दोन्हींवर 31 डिसेंबर 2020 पासून भारतात बंदी आहे. कोणाकडे माळ्यावर जुना डबा उरला असेल तर तो वापरू नका, आणि गटारात किंवा विहिरीजवळ ओतूही नका. पंचायत समितीच्या किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला विचारून त्याची विल्हेवाट लावा. फोरेट टाकलेल्या कुंडीतला पुदिना-कोथिंबीर चटणीत जातो, हे आपण लक्षातच घेत नाही.

सगळ्यात भयानक आहेत धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना लोक 'सल्फास' म्हणतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू निघतो. पावसाळ्यात हवा ओलीच असते. तो वायू फटीतून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेल्या माणसाला कळत नाही, आणि त्यावर उतारा नाही. ढेकूण-झुरळांसाठी या गोळ्या ठेवल्याने झोपेतच माणसं, विशेषतः मुलं दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. या गोळ्या प्रशिक्षित आणि परवानाधारक लोकांनीच, बंद गोदामात वापरायच्या असतात. राहत्या घरात एकही गोळी नको. शेजाऱ्याने ठेवल्याचं कळलं तर भिडस्तपणा बाजूला ठेवून बोला, आणि ती रात्र तिथे झोपू नका.

बाजारात मिळणारा किड्यांचा खडू साधा वाटतो. पण तो खडूच दिसतो, म्हणून धोका. शाळेत आणि मदरशात जाणारं लेकरू तो हातात घेऊन फरशीवर अलिफ-बे गिरवतं, लहान भावंडं तोंडात घालतं. ओढलेली रेघ रांगणाऱ्या बाळाच्या तळहाताला लागते. रांगतं मूल असलेल्या घरात खडू आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणखी एक, जे दुकानदार सहसा सांगत नाही. आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी मांजर असते. खडू आणि स्प्रे यांत असणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं, त्यातही परमेथ्रिन, मांजरीला माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधतात. तिच्या यकृताला ती पचवता येत नाहीत. रेघेवरून चालून आलेली मांजर पंजे चाटते आणि थरथरायला लागते. माशांच्या टाकीलाही ही औषधं तितकीच घातक.

औषध घ्यावंच लागलं तर सीलबंद आणि घरगुती वापरासाठीचं घ्या. डब्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सगळ्यात कमी. लाल-पिवळ्याला घरात जागा नाही. कुठलंही औषध थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. पेस्ट कंट्रोलवाला आला तर औषधाचं नाव कागदावर लिहून मागा, मटका आणि भांडी झाका, आणि तो सांगेल तितके तास बाहेर राहून परतल्यावर खिडक्या उघडा.

मुलाच्या पोटात काही गेल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी किंवा दूध पाजू नका. अंगाला लागलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. 108 ला फोन करा आणि औषधाचं पाकीट सोबत घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरला पहिली गरज त्या नावाची असते. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117.

परसबागेत असेल तर

बागेत आमचा सल्ला असा की आधी गुन्हेगार तोच आहे का ते बघा. भेंडी-मिरचीच्या रोपांची पानं कुरतडलेली दिसली तर मगरीबनंतर तासा-दोन तासांनी टॉर्च घेऊन जा. पानांवर चकचकीत चिकट माग असेल तर काम गोगलगायीचं आहे. माग नाही आणि पानावर चिमटेवाला बसलेला दिसला, तर तोच.

त्याचा त्रास मुख्यतः कोवळ्या रोपांना आणि गुलाब, झेंडू, डेलियासारख्या फुलांना होतो. रोपाला चार-सहा चांगली पानं येईपर्यंतच जपायचं आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं वर-खाली कापलेलं कडं रोपाभोवती मातीत दोन बोटं रुतवून बसवा. आच्छादनाचा पाला देठाला चिकटू देऊ नका. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. कागदाच्या सुरळ्या इथेही लावता येतील.

रोपं एकदा वाढली की मात्र त्याला राहू द्यायला हरकत नाही. वांगी-मिरचीवर मावा असेल तर तो रात्री तेच खात असतो. औषध मारलं तर मावा खाणारा हा, ढालकिडे आणि कोळी आधी मरतात, आणि मावा दोन आठवड्यांत परत येतो, कारण त्याची वाढच तेवढी झपाट्याची. सुरळीत सापडलेले किडे साबणाच्या पाण्यात टाकण्याऐवजी खताच्या खड्ड्यापाशी किंवा नारळाच्या बुंध्याशी झटकले तरी चालतात, घरापासून लांब असले म्हणजे झालं. ऑक्टोबरच्या उन्हात अंगण सुकू लागलं की त्यांचं दिसणं कमी होतं. तोवर सुरळ्या दोन दिवसांनी बदलत राहा, कारण ओल्या कागदाखाली गोगलगायीही जमतात.